सरासरी भरली, विहीर कोरडी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पाण्याने ५७ फुटांची खूण ओलांडली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. गावभाग, मारुती चौक, बाजारपेठ, सारे पाण्याखाली गेले. कोल्हापूरजवळ शिरोलीला पंचगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि पुणे-बंगळूरू वाहतूक कित्येक दिवस ठप्प झाली. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून माणसे बाहेर काढणारी नाव उलटली आणि गावाने आपली माणसे गमावली. त्याच ऑगस्टमध्ये औरंगाबादहून एक विमान उडत होते. मराठवाड्यावरच्या ढगांत क्षारांची फवारणी करून कृत्रिम पाऊस पाडता येतो का, याचा सरकारी प्रयोग चालू होता. आधीच्या ऑक्टोबरात राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले होते आणि नवा पावसाळा निम्मा सरत आला तरी त्यांतल्या बऱ्याच गावांचे टँकर थांबले नव्हते.

एक राज्य, एक महिना, आणि एकीकडे पाणी उपसण्याची तर दुसरीकडे पाणी शोधण्याची धडपड. हवामान बदलाविषयी बोलणाऱ्या तज्ज्ञांना गावोगावच्या सभांत हमखास विचारला जाणारा प्रश्न इथूनच निघतो: पृथ्वी तापल्यामुळे पाऊस वाढतोय की कमी होतोय? दोन्ही संकटांचे खापर एकाच कारणावर फोडणे लोकांना पटत नाही, आणि त्यांची शंका रास्त आहे. तिचे उत्तर हवेत मुरणाऱ्या वाफेच्या हिशेबात सापडते.

हवा जितकी उष्ण, तितकी जास्त वाफ ती सामावून घेऊ शकते. रुडॉल्फ क्लॉसियस आणि एमिल क्लॅपेरॉन या एकोणिसाव्या शतकातल्या दोन शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समीकरणातून त्याचे मापही निघते. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की हवेची वाफ धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. औद्योगिक क्रांतीच्या आधीच्या काळाशी तुलना करता २०११ ते २०२० या दशकात पृथ्वी सरासरी १.१ अंशाने अधिक उष्ण होती आणि २०२४ हे वर्ष तर दीड अंशाच्याही वर गेले. म्हणजे ढगांना मिळणारा कच्चा माल आपल्या आजोबांच्या काळापेक्षा आज नक्कीच जास्त आहे.

पण याच हिशेबाची दुसरी बाजू फारशी सांगितली जात नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे. वाफ अंशामागे ७ टक्क्यांनी वाढत असली, तरी जगभरात वर्षाला पडणारा एकूण पाऊस अंशामागे जेमतेम १ ते ३ टक्क्यांनीच वाढतो. किती पाऊस पडायचा, हे केवळ वाफेवर ठरत नाही. वाफेचे पाणी होताना बाहेर पडणारी उष्णता वातावरणाला वर अवकाशात सोडून द्यावी लागते, आणि त्या सोडण्याला मर्यादा आहे. आता हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. एकेका ढगापाशी पाणी जास्त, पण वर्षाचा एकूण पाऊस जवळपास तेवढाच. मग हिशेब जुळायचा कसा? पावसाचे तास कमी होऊन. जो पाऊस पूर्वी जास्त दिवसांत वाटून पडायचा तो कमी दिवसांत उरकतो आणि मधले दिवस कोरडे जातात. त्या कोरड्या दिवसांत हीच तापलेली, वाफेला आसुसलेली हवा जमिनीतली ओल शोषून घेते, तळ्याचे पाणी उडवते, पिकाच्या पानांतून पाणी ओढते. पुराला आणि दुष्काळाला एकच हवा कारण ठरते ती अशी.

भारताच्या बाबतीत हा नुसता तर्क राहिलेला नाही. पुण्याच्या पाषाण रस्त्यावरची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था, म्हणजे आयआयटीएम, गेली कित्येक वर्षे देशभरातल्या पर्जन्यमापकांच्या नोंदी तपासत आहे. २००६ साली बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य भारतातल्या पन्नास वर्षांच्या नोंदी मांडल्या. त्यांत मोसमी पावसाची बेरीज फारशी बदललेली दिसत नव्हती, पण मुसळधार पावसाच्या घटना वाढत होत्या आणि मध्यम पावसाच्या घटत होत्या. बेरजेत एकाने दुसऱ्याला झाकून टाकले होते. २०१७ साली याच संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने दाखवले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यावर, गुजरात-महाराष्ट्रापासून ओडिशापर्यंत, विस्तीर्ण प्रदेशाला एकाच वेळी झोडपणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात उरलेले चित्र आहे. १९५१ ते २०१५ या काळात देशातला मोसमी पाऊस एकूण सुमारे ६ टक्क्यांनी घटला, तर मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडण्याच्या घटना सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या. पावसाळ्यातल्या कोरड्या खंडांची संख्याही १९८१ ते २०११ या काळात आधीच्या तीस वर्षांच्या तुलनेत २७ टक्क्यांनी वाढली.

हे सारे आकडे एकाच वाक्यात सांगायचे तर पाऊस थोडा घटला, खंड वाढले, आणि जो पडला तो अंगावर कोसळला.

महाराष्ट्रासाठी या गोष्टीतले मुख्य पात्र अरबी समुद्र आहे. मोसमी वारे त्याच्यावरून येतात आणि सह्याद्रीच्या उभ्या भिंतीवर आदळून वर चढतात. चढणारी हवा थंड होते आणि तिच्यातले पाणी घाटमाथ्यावर सांडते. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तिथून घाट उतरून तीसेक किलोमीटरवरच्या वाईत हजाराच्याही आत. इतका तीव्र उतार असलेल्या प्रदेशात समुद्रातून येणारी वाफ थोडी जरी वाढली, तरी त्याचा परिणाम वाढून दिसतो. हिंदी महासागराचा उष्ण कटिबंधातला पृष्ठभाग १९५१ ते २०१५ या काळात सुमारे एका अंशाने तापला, आणि हा वेग जगातल्या इतर महासागरांच्या सरासरीपेक्षा जास्त आहे. कोल यांच्या गटाचा निष्कर्ष असा की तापलेल्या अरबी समुद्रावरून येणारे वारे आता सलग वाहण्याऐवजी मधूनमधून उसळून येतात, आणि प्रत्येक उसळीसोबत वाफेचे लोट जमिनीवर येतात.

जुलै २०२१ मध्ये अशीच एक उसळी आली. २२ तारखेपासून दुसऱ्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. घाटाच्या पश्चिमेला उतरलेले पाणी वाशिष्ठीला मिळाले आणि चिपळूण शहर रात्रीतून बुडाले. दुमजली घरांचे खालचे मजले दिसेनासे झाले. महाड तालुक्यातल्या तळीये गावावर डोंगराचा कडा कोसळला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. घाटाच्या पूर्वेला उतरलेले पाणी कोयना, वारणा, पंचगंगा यांच्या वाटेने सांगली-कोल्हापुरात पोचले आणि दोन वर्षांपूर्वी बुडालेली घरे पुन्हा बुडाली. डोंगरमाथ्यावर पडलेल्या एकाच पावसाने दोन्ही उतारांवरची गावे उद्ध्वस्त केली.

भारतीय हवामान विभाग चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पडलेल्या पावसाला जोरदार, ११५.६ च्या वर अतिजोरदार आणि २०४.५ च्या वर अत्यंत जोरदार म्हणतो. महसूल खातेही मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरते आणि पंचनाम्यांची गाडी चालू होते. २६ जुलै २००५ ला मुंबईच्या सांताक्रूझला पडलेला ९४४ मिलिमीटर पाऊस या पट्ट्यांवर मोजताच येत नाही. सांताक्रूझला साऱ्या पावसाळ्यात मिळून जेवढा पडतो त्याच्या चाळीस टक्क्यांहून जास्त पाणी एका दिवसात आले होते. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पडला. एकाच शहराची दोन टोके, आणि मध्ये बारा-तेरा पटींचा फरक! मुंबईची जुनी पावसाळी गटारे तासाला २५ मिलिमीटर पावसाचा निचरा होईल अशी बांधली होती. ती क्षमता ५० मिलिमीटरवर नेण्याची शिफारस १९९३ च्या अहवालात होती, आणि २००५ चा पूर आला तेव्हा ती बरीचशी कागदावरच होती. मिठी नदीच्या पात्रात भराव घातलेले होते. त्या दिवशीचा पाऊस कोणत्याही गटाराला न पेलणारा होता हे खरे, पण बुडण्याची तयारी शहराने आधीच करून ठेवली होती, हेही तितकेच खरे.

दुष्काळाच्या बाजूने हीच गोष्ट समजून घ्यायची तर लातूरला जावे लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा आदेश लावावा लागला, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास करून पहिली गाडी लातूरला पोचली तेव्हा तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली. एका खेपेला पंचवीस लाख लिटर.

आता एक सोपा हिशेब. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. लातूरच्या एक चौरस किलोमीटर शिवारावर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी दहा कोटी लिटर होते. पन्नास वाघिणींच्या चाळीस गाड्या. लातूर जिल्ह्यात वर्षाला सातशे ते आठशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे एका गावाच्या शिवारात साधारण वर्षात पडणाऱ्या पाण्याच्या तुलनेत ती रेल्वे किती छोटी होती याचा अंदाज येतो. पाणी शेवटी आकाशातूनच यायचे आहे, आणि येतेही. त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मराठवाड्यात असा पाऊस झाला की काही महिन्यांपूर्वी तळ दाखवणारे मांजरा धरण भरले आणि नदीकाठच्या शेतांतली सोयाबीन पाण्यात उभी राहिली. एप्रिलमध्ये रेल्वेने पाणी आणणाऱ्या जिल्ह्यात ऑक्टोबरमध्ये पुराच्या पाण्याचे पंचनामे!

दहा कोटी लिटर एका आठवड्यात हळूहळू आले, तर त्यातले बरेच जमिनीत उतरते. तेच तीन तासांत आले, तर ओढ्याला जाते. याचे कारण जमिनीच्या पोटात आहे. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून जास्त भाग बेसाल्टच्या, म्हणजे दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या थरांवर वसलेला आहे. गंगेच्या मैदानात शेकडो मीटर खोल गाळ आहे आणि तो पाणी धरून ठेवतो. आपल्याकडे पाणी साठते ते वरच्या मुरमाच्या पट्ट्यात आणि खडकाच्या फटींत. त्या साठ्याचे तोंड अरुंद आहे, त्यामुळे पाणी तिथे पोचायला वेळ लागतो. त्यावर पसरलेली काळी कसदार माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते. पहिले सावकाश पाऊस त्या भेगांतून खोल जातात. पण मातीतली चिकण फुगली की भेगा मिटतात आणि नंतरचे पाणी वरच्या वर वाहू लागते. जोराच्या सरीचा मारा मातीचे कण सुटे करून पृष्ठभागावर पापुद्रा धरवतो, तोही पाणी आत जाऊ देत नाही. शेतकरी ज्याला भिजपाऊस म्हणतो, दिवसभर रिमझिमत राहून मातीला ओल आणि विहिरीला झरा देणारा, तो नेमका कमी होत चाललेला मध्यम पाऊस आहे. गोस्वामींच्या आलेखातली खाली जाणारी रेषा म्हणजे मराठवाड्यातल्या विहिरींचे जगणे.

म्हणूनच तालुक्याची सरासरी शंभर टक्के भरलेली असते आणि फेब्रुवारीत विहिरीचा तळ दिसू लागतो. हवामान विभागाच्या हंगामाअखेरच्या नकाशावर तो जिल्हा हिरवा रंगवलेला असतो. सरकारी निकषांनी तिथे दुष्काळ नसतो. बाईच्या डोक्यावरचा हंडा मात्र कमी झालेला नसतो.

पिकाला खंडाचा फटका आणखी थेट बसतो. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. त्या महिन्यात सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी पाऊस झाला. प्रशांत महासागराचे पाणी तापवून आपला मोसमी पाऊस दुबळा करणारा एल निनो तेव्हा जागा होता. महाराष्ट्रात जुलैमधल्या चांगल्या पावसाने जोमदार दिसणारी सोयाबीन ऐन शेंगा भरण्याच्या वेळी पाण्यावाचून अडकली. वर तापलेले ऊन, खाली सुकत जाणारी माती. असा दुष्काळ दोन-तीन आठवड्यांत येऊन पीक घेऊन जातो. पूर्वीच्या दुष्काळात तयारीला वेळ मिळायचा, कारण तो पावसाळा संपताना ओळखू यायचा. ऑक्टोबरअखेर सरकारने चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, आणि महिनाही उलटत नाही तोच नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अवकाळी पाऊस आणि गारपिटीने नाशिकच्या द्राक्षबागा झोडपल्या.

मृगात पेरणी, हस्तात सुगीची तयारी, हे पिढ्यानपिढ्या बसवलेले वेळापत्रक आता शेतकऱ्याच्या हाती राहिलेले नाही. २०२५ मध्ये मोसमी पाऊस केरळात २४ मे रोजी आणि मुंबईत २६ मे रोजी पोचला. मुंबईत तो इतक्या लवकर यापूर्वी कधी आल्याची नोंद नव्हती. वाढलेली ओल पाहून ज्यांनी पेरायची घाई केली, त्यांच्यासमोर जूनमधल्या उघडीपीने दुबार पेरणीचे संकट आणले. त्याच वर्षी सप्टेंबरात पाऊस परतायच्या वेळी सीना नदीला असा पूर आला की धाराशिवच्या परंड्यापासून सोलापूरच्या माढा-मोहोळपर्यंतची गावे पाण्याखाली गेली. अवर्षणप्रवण म्हणून शाळेच्या भूगोलात शिकवला जाणारा हा प्रदेश. इथल्या लोकांना पूर कसा ओळखायचा, जनावरे कुठे न्यायची, हे पूर्वजांनी कधी शिकवलेच नव्हते, कारण शिकवण्याची गरज पडली नव्हती. पिकासोबत शेतांची मातीही वाहून गेली. खरवडून गेलेल्या जमिनीला पुन्हा पेरणीयोग्य करायला कित्येक वर्षे लागतात. राज्य सरकारने जाहीर केलेले मदतीचे पॅकेज ३१ हजार कोटींच्या पुढे होते, यावरून त्या सप्टेंबरची व्याप्ती कळते.

कृष्णाकाठची परिस्थिती वेगळी. तिथल्या लोकांना पूर नवा नाही. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पुराचे पाणी दत्तमंदिरात शिरून पादुकांना स्पर्श करते तेव्हा दक्षिणद्वार सोहळा साजरा होतो आणि त्या पाण्यात स्नान करायला भाविक लांबून येतात. पाणी किती चढेल, कोणत्या ओट्यापर्यंत येईल, केव्हा ओसरेल, याचे गणित तिथल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असायचे. २०१९ ला हे गणित चुकले. २००५ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले होते, त्या खुणेच्या वर घर बांधलेले लोक निश्चिंत राहिले, आणि पाणी त्याहूनही चार फूट वर आले.

सरकारी नियोजनातली गफलतही अशीच आहे. नदीकाठच्या बांधकामांसाठी पूररेषा आखल्या जातात. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. या रेषा जुन्या नोंदींवरून काढतात, आणि त्यांमागे एक गृहीत असते की पुढचा काळ मागच्यासारखाच वागेल. सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर सोळा वर्षांत पाहिले. इतक्यांदा येणाऱ्या पुराला शतकातला एक म्हणण्यात अर्थ उरत नाही. जिथे रेषा आहे तिथेही तिच्या आत प्लॉट पडतात आणि मंजुऱ्या मिळतात, ही अडचण त्याहून जुनी.

धरणे चालवणाऱ्या अभियंत्यांची कोंडीही समजून घेण्यासारखी आहे. कोयना १०५ टीएमसीचे, उजनी ११७ टीएमसीचे. ही धरणे पावसाळाअखेर भरलेली हवीत, कारण पुढचे आठ महिने शेती, शहरे आणि वीज त्यांच्यावर आहेत. पूर थोपवायचा तर ऑगस्टमध्ये धरणात जागा रिकामी हवी. पाऊस चार महिने वाटून पडत होता तोवर दोन्ही साधायचे. आता रिकामी ठेवावी तर सप्टेंबर कोरडा जाण्याची धास्ती, आणि भरून ठेवावी तर एका रात्रीत दीड-दोन लाख क्युसेक विसर्ग सोडण्याची वेळ. जलाशय भरण्याची जुनी वेळापत्रके या नव्या पावसासाठी लिहिलेलीच नाहीत. ती प्रत्येक खोऱ्यासाठी, पाच-सात दिवसांच्या हवामान अंदाजाशी जोडून पुन्हा लिहिणे हे काम आजवर व्हायला हवे होते.

इथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक पूर आणि प्रत्येक दुष्काळ हवामान बदलाने घडवला, असे म्हणणे चूक आहे. १८७६-७७ चा दुष्काळ आणि १९७२ चा दुष्काळ पृथ्वी एवढी तापण्याच्या आधीचे आहेत. १२ जुलै १९६१ ला पुणे बुडाले ते पानशेत धरण फुटल्याने. नदीचे पात्र अडवणे, डोंगर पोखरणे, ओढे बुजवून इमारती उभ्या करणे, हे पाप माणसाने आपल्या हाताने केले आहे. चार-पाच टक्के क्षेत्रावरच्या उसाला सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून मोठा वाटा देण्याचा निर्णयही आकाशातून पडलेला नाही. हवामान बदलाचे नाव पुढे करून या गोष्टी झाकणारा माणूस पूरग्रस्तांची फसवणूक करतो.

कोणत्या घटनेत तापमानवाढीचा वाटा किती, हे मात्र आता मोजता येते. शास्त्रज्ञ संगणकावर दोन जगे उभी करतात. एक आजचे, दुसरे कोळसा-तेल न जाळलेले. दोन्हींत तसा पाऊस किती वेळा आणि किती जोराने पडतो ते पाहतात. ३० जुलै २०२४ ला केरळातल्या वायनाडमध्ये दरडी कोसळून शेकडो माणसे गेली, तेव्हा वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन या शास्त्रज्ञांच्या गटाने अशा पद्धतीने हिशेब मांडला. त्या दिवशीचा पाऊस हवामान बदलामुळे सुमारे १० टक्क्यांनी वाढला होता, असे त्यांना आढळले. दहा टक्के ऐकायला कमी वाटतात. पण आधीच पाण्याने फुगलेल्या उतारावर शेवटचे दहा टक्केच तो उतार टिकणार की सुटणार हे ठरवतात. वायनाड, तळीये, माळीण, इर्शाळवाडी, सारी गावे एकाच सह्याद्रीच्या रांगेत आहेत. माळीणला ३० जुलै २०१४ च्या पहाटे दीडशेवर माणसे गाडली गेली, इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. या रांगेत तशाच उतारांखाली वसलेल्या वाड्या अजून पुष्कळ आहेत.

अरबी समुद्राच्या तापण्याचा आणखी एक परिणाम कोकणाने अनुभवला आहे. बंगालच्या उपसागराच्या तुलनेत शांत मानला जाणारा हा समुद्र आता चक्रीवादळे घडवतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर चढले आणि श्रीवर्धन-मुरुडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते वादळ गोव्यापासून सिंधुदुर्ग-रत्नागिरीपर्यंतचा किनारा झोडपत गुजरातकडे गेले. नारळाचे झाड पुन्हा फळाला यायला सहा-सात वर्षे घेते, सुपारीलाही तेवढाच काळ लागतो. दोन वादळांमध्ये मिळाले जेमतेम एक वर्ष.

मग करायचे काय? जगातला कार्बन कमी करणे हे मूळ काम आहेच, आणि ते मोठ्या देशांनी व उद्योगांनी करायचे आहे. पण ते उद्या झाले तरी आजवरची उष्णता समुद्रातून निघून जायला पिढ्या लागतील. तोवर जो पाऊस येतो आहे त्याच्याशी जुळवून घेणे भाग आहे. सुदैवाने पूर आणि दुष्काळ यांच्यावरचे बरेचसे उपाय एकच आहेत. पाणी जिथे पडते तिथे अडवून मुरवले, तर ओढ्याला येणारा लोंढा घटतो आणि विहिरीचा झराही वाढतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने दरवर्षी पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडून त्यानुसार पिके ठरवली, शेतीसाठी बोअर घेण्यास मनाई केली. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीने पाणलोट विकास आणि शेततळ्यांच्या जोरावर मराठवाड्याच्या अवर्षणातही द्राक्षबागा टिकवल्या. रुंद वरंबा-सरी पद्धतीने सोयाबीन पेरली तर जास्त झालेले पाणी सरीतून निघून जाते आणि पावसाचा खंड पडला तर सरीत मुरलेली ओल पिकाला आधार देते. एकाच पद्धतीने अतिवृष्टी आणि खंड या दोन्हींवर इलाज होतो, आणि तिचा खर्चही शेतकऱ्याच्या आवाक्यातला आहे. शेततळे असेल तर खंडात एक संरक्षित पाणी देऊन पीक हाती लागते.

शहरांचे काम याहून अवघड आहे, कारण तिथे जागा विकली गेली आहे. पण तळी, मैदाने आणि नाल्यांचे काठ जे उरले आहेत ते राखणे शक्य आहे. पुण्यात राम नदी आणि मुळा-मुठेचे काठ, नाशिकमध्ये गोदावरीच्या उपनद्या, कोल्हापुरात जयंती नाला, यांच्या पूररेषा आजच्या पावसाच्या आकड्यांवर पुन्हा मोजून त्या पाळायला लावणे हे महापालिकांचे कर्तव्य आहे.

यात गावकऱ्यालाही एक काम आजपासून करता येण्यासारखे आहे. राज्यातल्या महसूल मंडळांत आता स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत आणि त्यांच्या रोजच्या पावसाच्या नोंदी उपलब्ध होतात. ग्रामसभेत नुसते किती टक्के पाऊस झाला हे विचारून थांबू नका. पाऊस किती दिवस पडला, सर्वात मोठा खंड किती दिवसांचा होता, एका दिवसात सर्वात जास्त किती पडला, हे तीन आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दरवर्षी लिहायला सांगा, आणि पुढच्या हंगामाचे पीक, तळी आणि ओढ्याची कामे त्या आकड्यांवरून ठरवा.